टोक तुटलेला चाकू

बिलिंग्सच्या हॉलमध्ये माझं टेबल खांबाआड असतं.
मी चामड्याची म्यानं शिवते.
एल्डन ट्वाइटच्या शेजारी बसते, एकोणीस वर्षं झाली.
पहिल्या वर्षी त्याने सात चाकू आणले होते,
घडीचे, एल्कच्या शिंगाच्या मुठींचे.
दोनशे ऐंशी डॉलर एकाचे. खपले तीन.
परतीच्या पेट्रोलला पैसे कमी पडले
म्हणून उरलेल्यांतला एक मला दिला.
मी नको नको म्हणाले,
आणि घेतला.

आता पहाटे साडेपाचलाच दाराबाहेर रांग.
चिठ्ठ्यांचा डबा कॉफीचा, एल्डनच्याच ओट्यावरचा,
अजून वास येतो.
दोनशे अकरा चिठ्ठ्या, चाकू चार.
ज्याचं नाव निघतं तो चाकूकडे बघत नाही,
फोनकडे बघतो.
एल्डन बाराशे घेतो. त्याहून जास्त सांगताना
त्याची जीभ अडते.
आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं
तोच तिसऱ्या रांगेत, काचेखाली, तोच चाकू
साडेनऊ हजारांना.

काय बदललं दहा पावलांत?
पोलाद तेच. बिजागरी तीच.
कुणीतरी कुठेतरी म्हणालं, म्हाताऱ्याचे हात थरथरतात,
फार तर अजून तीस करील.
त्या आठवड्यात भाव दुप्पट झाला.
थरथर खरी आहे.
मी त्याला कॉफी अर्धाच कप ओतते, बारा महिने झाले,
आणि दोघंही त्याबद्दल काही बोलत नाही.
लोक मात्र बोलतात. आकड्यांत बोलतात.

दुपारी तो उठून तिसऱ्या रांगेत गेला.
मी बघत होते.
काच उघडीच होती. त्याने आपला चाकू उचलला,
अंगठा खाचेवर ठेवला, जसा ठेवतो,
जसा ठेवायचा म्हणूनच ती खाच तिथे आहे.
पांढरे हातमोजे घातलेला पोरगा अदबीने म्हणाला,
"सर, उघडू नका.
हा एकदाही उघडलेला नाही.
उघडला की आत एक रेघ उमटते. मग भाव उतरतो."
एल्डनने हात मागे घेतला.
सॉरी म्हणाला.
मग विचारलं, "उघडतो हे तुला कसं कळलं?"
पोरगा हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

परत आला तो माझ्याकडे हात पसरून. "तुझा दे."
माझा एप्रनच्या खिशात असतो.
टोक तुटलंय, रंगाचा डबा उघडताना.
मुठीवर जवसाच्या तेलाचा डाग.
तीनदा त्यानेच धार लावून दिली,
पातं आता करंगळीएवढं अरुंद.
त्याने उघडला, मिटला. उघडला, मिटला.
कानाशी धरून तो टक् आवाज ऐकला,
डॉक्टर ऐकतात तसा.
"दोन हजार सातला मला जमत होतं," म्हणाला.
मग माझं हॅम सँडविच ओढून मधोमध कापलं,
सरळ नाही कापलं गेलं,
मोठा भाग त्याने घेतला.

एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.
गेल्या जूनमध्ये पार्किंगमध्ये एकाने
माझ्या ह्याच चाकूचे चार हजार सांगितले.
टोक शाबूत असतं तर सात.
त्या रात्री मी तो धुतला, पुसला,
सफरचंदाचा चिकटपणा टूथब्रशने काढला,
पांढऱ्या पिलोकेसवर ठेवून फोटो घेतले. अकरा.
माझं छत गळतं. गाडीचा गिअरबॉक्स गेलाय.
ही सबब नाही, यादी आहे.

"ह्याला काय देतात ग आता?" एल्डनने विचारलं,
पात्यावरची मोहरी पँटला पुसत.
मी म्हणाले, "काही नाही. टोक तुटलंय ना."
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि मिटून माझ्या हातात दिला, अजून कोमट.

त्या माणसाचा मेसेज फोनमध्ये आहे.
तो दर महिन्याला विचारतो.
मी नाही म्हणालेले नाही.